सोसायटीतला स्क्रीनशॉट मीच पुढे पाठवला. आता काय निस्तरता येईल?

घोडबंदरवाली | शुक्रवार, रात्री ११:२०

हा धागा काढू की नको यात तीन आठवडे गेले. आज लिहूनच टाकते.

आमची सोसायटी घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या अलीकडे. तीन विंग आहेत. कमिटीतल्या एका सत्तरीच्या काकांनी, सकाळी फिरायला जाणाऱ्या नऊ जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींबद्दल एक वाक्य लिहिलं. ते इथे देत नाही. त्यात मावशींची जात होती, वस्ती होती आणि आमची लिफ्ट होती, एवढ्यावरून समजून घ्या.

रात्री साडेनऊला शेजारणीने मला त्याचा स्क्रीनशॉट पाठवला. मी डबे घासून ओट्यावर पालथे घालत होते. वाचलं आणि डोकंच फिरलं. मावशी आमच्याकडे अकरा वर्षं येतात. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात माझ्याइतकंच त्यांनी केलंय. ओल्या हातानेच मी तो स्क्रीनशॉट महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "हे आपले कमिटी मेंबर. बघा." मग तोच माहेरच्या ग्रुपवरही टाकला. तिथे का टाकला ते मला आजही नीट सांगता येत नाही. कोणाशी तरी बोलावंसं वाटत होतं आणि घरात सगळे झोपले होते.

सकाळी सातला पुण्याच्या मावसबहिणीकडून तोच स्क्रीनशॉट फिरून माझ्याकडे आला. आता त्यावर काकांचा फोटो, फोन नंबर, विंग, फ्लॅट नंबर, आणि खाली "फोन करून जाब विचारा." दुपारपर्यंत तो ठाण्याच्या एका मोठ्या फेसबुक ग्रुपवर पोचला. संध्याकाळी लिफ्टमध्ये कोणीतरी कागद चिकटवला, "फ्लॅट रिकामा करा." काकांचा मुलगा ऐरोलीला नोकरीला आहे, त्याच्या एचआरला मेल गेले. काकू भजनी मंडळात येईनाशा झाल्या. तिसऱ्या दिवशी काकांनी कमिटीचा राजीनामा दिला.

इथवर मला वाईट वाटलं नव्हतं, हे कबूल करते. पेराल तेच उगवेल, असंच मी म्हणत होते.

मग मावशी यायच्या थांबल्या. फोन बंद. सहाव्या दिवशी आल्या तेव्हा कळलं. त्या स्क्रीनशॉटमध्ये काकांच्या वाक्याच्या बरोबर वर आणखी एक मेसेज दिसत होता. ग्रुपमधल्याच कोणीतरी मावशींचं नाव आणि मोबाइल नंबर टाईप करून लिहिलं होतं, "सी विंगला बाई हवी होती ना, ह्यांना विचारा." काकांचं वाक्य त्यालाच उत्तर होतं. तो नंबर आम्ही कोणी झाकला नाही. मी झाकला नाही. तीन दिवस मावशींचा फोन वाजत होता. एक यूट्यूब चॅनलवाला विचारत होता, तुम्हाला ऐकून काय वाटलं. कोणी मदत करतो म्हणत होते. काही नुसते घाण बोलत होते. त्यांनी फोन बंद करून ठेवला. त्याच दिवशी गॅस आला, पोचवणारा ओटीपी मागत होता, ओटीपी बंद फोनवर. सिलिंडर परत गेला. नवीन कामासाठी ज्या दोघींनी फोन केला असता, त्यांनी दुसरी बाई ठेवली.

काकांचं वाक्य बरोबर की चूक, यावर मला चर्चा नको. ते घाणेरडं होतं. मला विचारायचंय की असं काही हातात आलं तर करायचं काय? गप्प बसायचं? आणि आता जे झालंय त्यातलं काय निस्तरता येईल?

उपवन२२ | शुक्रवार, रात्री ११:५२

ताई, तुम्ही केलंत ते योग्यच केलंत. उघड बोलायची हिंमत नसते म्हणून ही माणसं खासगी ग्रुपवर बोलतात. बुरखा फाटलाच पाहिजे. मावशींचा नंबर जायला नको होता, पण ती चूक आणि काकांचा गुन्हा यांची बरोबरी करू नका.

मासुंदा | शनिवार, सकाळी ६:४०

मी खारकर आळीत वाढलो. आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी दहा माणसं बसत आणि त्यातली चार माणसं रोज काहीतरी वाईट बोलत. जातीवरून, बायकांवरून, मारवाडी-गुजरात्यांवरून. ऐकणाऱ्यांत एक मास्तर होते, ते तिथल्या तिथे कानउघाडणी करत. बोलणारा दोन दिवस फुगून बसे, तिसऱ्या दिवशी परत ओट्यावर येई. त्याची मतं बदलली असं मी म्हणणार नाही. जीभ मात्र आवरायला शिकला.

त्या नऊ जणांत असा मास्तर एकही निघाला नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. ज्याने स्क्रीनशॉट काढला, त्याने त्याच ग्रुपवर "हे वाक्य मागे घ्या" एवढं तरी लिहिलं होतं का?

घोडबंदरवाली | शनिवार, सकाळी ८:१५

@मासुंदा, काका, नाही. मी तोही भाग पाहिला. त्या वाक्याखाली दोन हसणारे चेहरे आणि एक "गुड मॉर्निंग" होतं.

येऊरपायथा | शनिवार, सकाळी १०:०५

मी वाचून सोडून देणार होतो, पण ओट्याचा विषय निघाला म्हणून लिहितो.

माझ्या आईने वर्तक नगर आणि वसंत विहारमध्ये सव्वीस वर्षं धुणीभांडी केली. मी आज घोडबंदरलाच एका कंपनीत अकाउंट्स बघतो. मासुंदा काका, तुमच्या ओट्यावर ज्यांच्याबद्दल बोललं जायचं ती माणसं ओट्यावर बसलेली नसायची. म्हणून विषय तिसऱ्या दिवशी मिटायचा. आमच्या घरात तो मिटत नसे. आईला वेगळा कप होता, तो खिडकीच्या गजाला टांगलेला असायचा. हे कोणी खासगी ग्रुपवर लिहिलं नव्हतं, समोर टांगलं होतं. त्याचा फोटो कोणी काढला नाही.

आणि उपवन२२, तुम्हाला पण सांगतो. "बुरखा फाटला" म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. आईला अशा वेळी काय हवं असतं ठाऊक आहे का? काम टिकायला हवं असतं, महिन्याचा पगार हवा असतो आणि आपलं नाव चार लोकांच्या तोंडी नको असतं. ती म्हणायची, "भांडणात माझं नाव घेऊ नको." मला लहानपणी याचा राग यायचा. आता कळतं, की नाव निघालं की काम तिचंच जायचं, वाईट बोलणाऱ्याचं जायचं नाही.

घोडबंदरवाली ताई, तुमच्यावर राग नाही. तुम्ही निदान तो नंबर पाहिलात. पण एक विचारू? फॉरवर्ड करण्याआधी मावशींना विचारावं असं तुमच्या सोसायटीत एकाच्याही मनात आलं का?

घोडबंदरवाली | शनिवार, सकाळी १०:३०

नाही आलं. माझ्याही नाही.

तीन_हात_नाका | शनिवार, दुपारी १:१०

ठाणे कोर्टात वकिली करतो. हा कोणाला दिलेला सल्ला समजू नका, पण चर्चेत कायद्याचा गोंधळ होण्याआधी थोडं लिहितो.

पहिला प्रश्न लोक हमखास विचारतात, की खासगी चॅट बाहेर काढणं हा गुन्हा नाही का? सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. मोठा निकाल आहे. पण शेजाऱ्याने काढलेल्या स्क्रीनशॉटला लागू पडेल असं तयार कलम त्यातून आपोआप निघत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला तेव्हा अनेकांना वाटलं की आता हे थांबेल. त्या कायद्यात सुरुवातीलाच म्हटलंय, की एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती वापरली तर तो लागूच होत नाही. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून केलेला फॉरवर्ड त्यात येतो की नाही यावर वाद घालता येईल, पण फॉरवर्ड करणारी बाई "घरगुती" म्हणणार हे उघड आहे.

बदनामी म्हणाल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. तिथे लोकांचा एक समज चुकीचा आहे. "खरं आहे ते मी सांगितलं" एवढं पुरत नाही. खरं असावं लागतं आणि ते लोकहितासाठी प्रसिद्ध केलेलं असावं लागतं. काका कमिटीवर होते म्हणून त्यांचं वाक्य सोसायटीतल्या सभासदांपुढे आणणं लोकहितात बसेल असं मी म्हणेन. त्यांचा फ्लॅट नंबर पुण्याला पाठवणं त्यात कसं बसवायचं, मला सुचत नाही. फोनवर धमक्या आल्या असतील तर कलम ३५१, आणि तिथे काका तक्रारदार असतील. मावशींना आल्या असतील तर मावशी.

आता ॲट्रॉसिटी, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारांविरुद्धचा कायदा. जातीवरून अपमानाचं कलम लागायला तो अपमान "लोकांच्या दृष्टिपथात" झालेला असावा लागतो. २०२० मध्ये हितेश वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना झालेलं बोलणं त्यात धरलं नाही. नऊ जणांचा बंद ग्रुप म्हणजे चार भिंती की चव्हाटा, यावर दोन्ही बाजूंनी भांडता येईल. पण एक गोष्ट मला राहून राहून खटकते. मावशींच्या नावानिशी, नंबरानिशी तो अपमान खरोखर चव्हाट्यावर आला तो फॉरवर्ड केल्यावर. काकांची जबाबदारी त्याने कमी होत नाही. आपली मात्र सुरू होते.

महिला मंडळाच्या ॲडमिन घाबरल्या असतील तर त्यांना सांगा, सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात म्हटलंय.

नेरूळ_पूर्व | शनिवार, दुपारी ३:४५

मला वाटतं सगळे मत-मत करताहेत आणि खरा मुद्दा बाजूला राहतोय. घोडबंदरवाली, हे काका कमिटीत काय बघायचे?

घोडबंदरवाली | शनिवार, दुपारी ४:००

भाडेकरूंची फाइल. नवीन भाडेकरू आला की आधी त्यांच्याशी "बोलायला" पाठवायचे.

नेरूळ_पूर्व | शनिवार, दुपारी ४:५०

तेच म्हणायचं होतं. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, सभासदाने फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीला आधी कळवायचं असतं. परवानगी लागत नाही. तरी निम्म्या ठाण्यात आणि इकडे नवी मुंबईत कमिटीवाले भाडेकरूच्या मुलाखती घेतात. आडनाव विचारतात, काय खाता विचारतात. मी स्वतः सीवूड्सला दोन घरांतून असा परत फिरलोय. "आमचं ठरायचं होतं" एवढंच कळवलं गेलं.

म्हणजे काकांच्या डोक्यात होतं ते त्यांच्या घरापुरतं राहिलेलं नव्हतं. त्या फाइलवर त्यांची सही होती. गेल्या चार वर्षांत कोणाकोणाला नाही म्हटलं, हे तुमच्या सोसायटीत एकाने तरी विचारलं का? मला हा मुद्दा स्क्रीनशॉटपेक्षा मोठा वाटतो.

अमेरिकेतलं एक प्रकरण आठवतं. डोनाल्ड स्टर्लिंग, लॉस एंजेलिस क्लिपर्स या बास्केटबॉल संघाचा मालक. एप्रिल २०१४ मध्ये त्याचं एका मैत्रिणीशी झालेलं खासगी बोलणं रेकॉर्ड होऊन बाहेर आलं. कृष्णवर्णीय लोकांना माझ्या सामन्यांना आणू नकोस, असं तो तिला सांगत होता. काही दिवसांतच एनबीएने, म्हणजे तिथल्या बास्केटबॉल लीगने, त्याच्यावर आजन्म बंदी घातली, २५ लाख डॉलर दंड केला. संघ विकला गेला. तेव्हाही तिथे वाद झाला, की खासगीतल्या बोलण्यावरून माणसाची मालमत्ता जाते हे कसं? पण हाच माणूस इमारतींचा मालकही होता. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबांना घरं भाड्याने देताना डावलतो म्हणून अमेरिकेच्या न्याय खात्याने त्याच्यावर २००६ मध्ये दावा लावला होता. त्याने आरोप नाकारले आणि २००९ मध्ये सुमारे २७ लाख डॉलर देऊन तो दावा मिटवला. ज्यांना घर नाकारलं गेलं त्यांच्यासाठी त्याचा संघ त्या वेळी कोणी काढून घेतला नाही. बोलणं ऐकू आलं तेव्हा सगळे जागे झाले.

तुमच्या सोसायटीत सर्वसाधारण सभा बोलवा. चार वर्षांची भाडेकरूंची फाइल मागा. त्याला स्क्रीनशॉट लागत नाही, कोणाचा फ्लॅट नंबर व्हायरल करावा लागत नाही.

उपवन२२ | शनिवार, संध्याकाळी ६:२०

नेरूळ_पूर्व, फाइलचा मुद्दा पटला. तरीही स्क्रीनशॉट नसता तर ही फाइल कोणाला आठवली असती का?

नेरूळ_पूर्व | शनिवार, संध्याकाळी ६:४०

नसती. मान्य आहे. म्हणूनच ताईंनी गप्प बसायला हवं होतं असं मी म्हणत नाही. सेक्रेटरीला दाखवायचा, सभेत ठेवायचा. तेवढ्याने काकांचं पद गेलं असतं.

खाडीपलीकडची | शनिवार, रात्री ९:३०

मी ऐरोलीला एका शाळेत शिकवते. हे लिहिताना हात थरथरतोय, पण लिहिते.

दोन वर्षांपूर्वी आम्हा चार शिक्षिकांच्या ग्रुपवर मी एका विद्यार्थ्याच्या आईबद्दल वाईट लिहिलं होतं. पालकसभेत तिने मला सगळ्यांसमोर झापलं होतं. त्याच दिवशी घरी येऊन मी तिच्या मराठीवरून, तिच्या गावावरून दोन ओळी लिहिल्या. मला वाटलं मी मैत्रिणींजवळ मन मोकळं करतेय. चौघींपैकी एकीचं माझ्याशी नंतर बिनसलं आणि ते मेसेज पालकांच्या ग्रुपवर गेले.

ज्या दिवशी ते गेले त्या दिवशी माझ्या फोनवर १३० मेसेज होते. एकात माझ्या मुलाच्या शाळेचं नाव होतं. फक्त नाव, बाकी काही नाही. ते वाचून मला जे वाटलं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. मुलाला शाळेतून आणायला मी त्या आठवड्यात रोज दहा मिनिटं आधी जाऊन फाटकाशी उभी राहत होते.

मी लिहिलं ते चूकच होतं. त्या बाईंकडे जाऊन मी माफी मागितली. ती मात्र मला महिन्याने मागता आली, कारण त्याआधी मला घराबाहेर पडायचीच भीती वाटत होती. सुरुवातीच्या दिवसांत मी फक्त एवढाच विचार करत होते, की ते मेसेज कोणी फोडले. त्या बाईंना काय वाटलं असेल हे मनात यायला जागाच नव्हती. सगळे माझ्यावर तुटून पडले होते तोवर मी स्वतःलाच वाचवत होते.

त्या बाई मला काय म्हणाल्या ते सांगते. "मॅडम, तुमचे मेसेज मला सतरा जणांनी पाठवले. एकदा वाचून मी विसरले असते."

येऊरपायथा | शनिवार, रात्री १०:१०

@खाडीपलीकडची, हे लिहिल्याबद्दल आभार. सतरा वेळा वाचायला लागणं म्हणजे काय, ते मला कळतं.

कोपरीकर | रविवार, सकाळी ९:००

२०१२ मध्ये मी बोईसरला नोकरी करत होतो आणि पालघरला राहत होतो. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे गेले आणि मुंबई बंद होती. हा बंद आदरापोटी नाही, भीतीपोटी आहे, अशा अर्थाचं एका तरुण मुलीने फेसबुकवर लिहिलं. दुसरीने त्याला लाइक केलं. दोघींना अटक झाली. पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. पुढे पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली आणि ज्या कलमाखाली असे गुन्हे नोंदवले जात, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ, सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. त्यानंतरही वर्षानुवर्षं पोलीस त्या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवत होते. २०२१ मध्ये न्यायालयाने त्यावर आश्चर्य आणि संताप व्यक्त केला.

मी हे तुमच्या सोसायटीतल्या काकांच्या बाजूने सांगत नाहीये. त्या मुलींनी कोणाची जात काढली नव्हती. त्यांचं मत मला आजही आक्षेपार्ह वाटत नाही. पण त्या वेळी ज्यांनी दवाखाना फोडला, त्यांच्या दृष्टीने ते मत अत्यंत आक्षेपार्ह होतं, आणि आपण बरोबर करतोय याबद्दल त्यांना शंका नव्हती. मी त्या संध्याकाळी घरी बसून माझ्या फेसबुकवरचे जुने लाइक काढत होतो. एकेक. बायकोने विचारलं काय करतोय, तर मी सांगितलं नाही.

ठाण्याला असल्या गोष्टी नव्या नाहीत. २०२२ च्या मे महिन्यात कळवा पोलिसांनी एका अभिनेत्रीला फेसबुकवर दुसऱ्याची कविता टाकली म्हणून अटक केली, ती महिन्याहून जास्त काळ तुरुंगात होती. ती कविता मला आवडली नव्हती. महिनाभराचा तुरुंग मात्र अजिबात पटला नाही.

काकांच्या लिफ्टमधला तो "फ्लॅट रिकामा करा" कागद वाचून मला पालघरची ती संध्याकाळ आठवली. सामाजिक बहिष्काराविरुद्ध आपल्या महाराष्ट्राने देशात वेगळा कायदा केलाय, २०१६ चा, २०१७ पासून लागू. तो जातपंचायतींसाठी आहे, सोसायटीला तो तसाच लावता येणार नाही. पण तो का करावा लागला ते लक्षात घ्या. वाळीत टाकणं आपल्याला फार लवकर जमतं.

मासुंदा | रविवार, सकाळी ९:४०

येऊरपायथा, तुमचा कालचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. ओट्यावर ज्यांच्याबद्दल बोललं जाई ते तिथे नसत, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. मास्तरांनी आमची जीभ आवरली, पण ज्यांना बोललो त्यांच्या दारात आम्ही कधी गेलो नाही. माझं म्हणणं तेवढ्यापुरतं मागे घेतो.

पारसिक_बोगदा | रविवार, दुपारी १२:३०

निस्तरायचं कसं, यावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सॉफ्टवेअरमध्ये काम करतो.

व्हॉट्सॲपचे मेसेज २०१६ पासून वाटेत कोणाला वाचता येत नाहीत अशा रीतीने जातात. लोक त्यालाच खासगीपणा समजतात. पण ही कुलुपं वाटेवरची आहेत. पलीकडच्या माणसाच्या हातात फोन उघडा असतो. २०२५ मध्ये चॅट एक्स्पोर्ट रोखायची सोय आली, तरी स्क्रीनशॉट निघतोच. तेव्हा नऊ जणांच्या ग्रुपवर लिहिताना नऊ जणांवर भरवसा टाकलेला असतो, आणि त्यांच्या घरातल्यांवरही.

आता कामाचं. ताई, तुम्ही टाकलेला मेसेज "सगळ्यांसाठी डिलीट" करायची तुमची मुदत साधारण अडीच दिवसांची होती, ती गेली. पण ग्रुपचा ॲडमिन इतरांचे मेसेज सगळ्यांसाठी काढू शकतो. महिला मंडळाच्या आणि माहेरच्या ॲडमिनना सांगा, त्यांना जुना मेसेज काढता येतोय का ते बघायला लावा. लोकांच्या गॅलरीत उतरलेला फोटो त्याने जाणार नाही, तो ज्याचा त्यानेच काढायचा. म्हणून प्रत्येकाला वेगळा फोन करा. ग्रुपवर "कृपया डिलीट करा" लिहून कोणी करत नाही, उलट ज्यांनी पाहिला नव्हता ते वर जाऊन बघतात.

फेसबुकवरच्या पोस्टसाठी "वैयक्तिक माहिती उघड केली" म्हणून रिपोर्ट करा, आणि तो मावशींच्या नंबरसाठी करा. मतासाठी केलात तर वाद सुरू होईल. ऐकलं नाही तर २०२१ च्या नियमांप्रमाणे कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो, त्याच्याकडे लेखी जायचं. तिथेही नाही झालं तर केंद्र सरकारची अपील समिती आहे.

आणि कोणी आता नवा, नंबर झाकलेला स्क्रीनशॉट "योग्य आवृत्ती" म्हणून फिरवू नका. जुना परत वर येतो.

उपवन२२ | रविवार, दुपारी २:१५

तो ठाण्याच्या फेसबुक ग्रुपवरचा स्क्रीनशॉट मी शेअर केला होता. हा धागा वाचेपर्यंत तो याच सोसायटीचा आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आत्ता जाऊन पाहिलं. वरचा नंबर स्पष्ट दिसतोय. मी तेव्हा फक्त खालचं वाक्य वाचलं होतं. काढलाय. माझ्याकडून आणखी सहा जणांनी घेतला होता, त्यांना फोन करतो.

घोडबंदरवाली | बुधवार, रात्री १०:४५

तीन दिवस लिहायला जमलं नाही.

सोमवारी संध्याकाळी मावशींकडे गेले. अकरा वर्षांत मी त्यांच्या घरी कधी गेले नव्हते. येऊरपायथा, तुम्ही विचारलेला प्रश्न मी त्यांनाच विचारला. तुम्हाला आधी विचारलं असतं तर काय म्हणाला असता? त्या चहा गाळत होत्या. म्हणाल्या, "त्यांना सांगितलं असतं, मला समोर येऊन बोला. पण माझा नंबर कशाला?" थोड्या वेळाने म्हणाल्या, "पोरगी बारावीला आहे ताई. तिच्या मैत्रिणींच्या फोनवर पण आलंय ते." मग गप्प बसल्या. तक्रार करायची का विचारलं, वकील आहेत ओळखीचे असंही सांगितलं. म्हणाल्या विचार करते, मुलीशी बोलते. ते त्यांनीच ठरवायचं आहे. मी पुढे काही बोलले नाही. नवीन सिमसाठी मी पैसे देते म्हटलं तर नको म्हणाल्या. सगळीकडे तोच नंबर दिलाय, गॅस, बँक, रेशन, शाळा. तो बदलायचा म्हणजे कामं सोडून आठवडाभर फिरावं लागेल.

काकांकडेही गेले. दार काकूंनी उघडलं. काका आतून बाहेर आले नाहीत. मी काकूंना एवढंच सांगितलं, की तो पुढे पाठवणाऱ्यांत मीही होते, आणि लिफ्टमधला कागद मी काढलाय. वाक्याबद्दल मी माफ केलेलं नाही हेही सांगितलं. काकू म्हणाल्या, "मलाही ते आवडलं नव्हतं." दार लावून घेतलं.

नेरूळ_पूर्व, सेक्रेटरींना लेखी अर्ज दिला. चार वर्षांची भाडेकरूंची फाइल पुढच्या सभेत ठेवायची मागणी. सोबत अकरा सभासदांच्या सह्या आहेत. मी बावीस दारं वाजवली. ज्यांनी स्क्रीनशॉट सगळ्यांत जोरात फिरवला, त्यातल्या तिघांनी "कशाला नसती भानगड" म्हणून सही केली नाही.

पारसिक_बोगदा, यादी करून फोन करतेय. महिला मंडळाच्या ॲडमिनला तो जुना मेसेज काढता आला. ज्या बायकांनी पुढे पाठवला त्यांना एकेकीला फोन केला, सात जणींनी लगेच काढला, एकीने "अहो, कोण लक्षात ठेवतंय आता" म्हणून फोन ठेवला. तिला उद्या परत करणार. दोन ग्रुप राहिलेत. एक मुलीच्या क्लासच्या पालकांचा, आणि एक आमचा माहेरचा. तिथे ॲडमिन माझा मोठा भाऊ आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही.

येऊरपायथा | बुधवार, रात्री ११:०५

भावाला आजच फोन करा ताई. जागे असतील अजून.

घोडबंदरवाली | बुधवार, रात्री ११:०८

लावते.